मेशच्या चित्रात २३ रेषा आहेत, त्यातल्या कामाच्या किती?

नमस्कार भाऊ. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल.

निफाड तालुक्यात दोन तुकड्यांत मिळून २२ एकर द्राक्षबाग. बंगल्यावर फायबरचं कनेक्शन. तिथून पॅकहाउस २५० मीटर, शेततळं ४०० मीटर आणि ओढ्यापलीकडची दुसरी विहीर ९०० मीटर. आठ ठिकाणी ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर चालणारी मुक्त प्रणाली) टाकलेले राउटर बसवलेत: बंगला, पॅकहाउस, शेततळं, विहीर एक, विहीर दोन, मजुरांच्या खोल्या, रस्त्याकडचं फाटक आणि बागेच्या मधोमध हवामान केंद्राचा खांब. सगळे बॅटमॅन-ॲडव्हवर, म्हणजे डेटा कोणत्या राउटरमार्गे न्यायचा ते ठरवणाऱ्या प्रोटोकॉलवर, मेश (एकमेकांमार्फत डेटा पुढं ढकलणाऱ्या राउटरांचं बिनतारी जाळं) २.४ गिगाहर्ट्झच्या एकाच चॅनेलवर, आणि सहा कॅमेरेसुद्धा त्याच रेडिओवर. दिवसा बरं चालतं, रात्री आठनंतर विहीर दोनचा कॅमेरा अडकतो. नोडांची, म्हणजे या राउटरांची, माहिती गोळा करणाऱ्या अल्फ्रेडकडून टोपॉलॉजीचं, म्हणजे कोण कुणाला जोडलंय याचं, चित्र काढलं तर २३ रेषांचा गुंता आला, त्यातून काही उमगेना. म्हणून तुम्ही विचारलंत की चांगलं चित्र काढणारं सॉफ्टवेअर कोणतं, आणि बॅटमॅन सोडून ओएलएसआर या दुसऱ्या मेश प्रोटोकॉलवर जावं का.

सॉफ्टवेअर सांगतो. पण आठ नोडमध्ये जास्तीत जास्त २८ जोड्या होतात, आणि तुमच्या चित्रात त्यातल्या २३ जुळलेल्या दिसताहेत. दुखणं नेमकं तिथं आहे. २२ एकरांत पसरलेल्या मेशमध्ये जवळपास प्रत्येकाला प्रत्येकजण ऐकू येत असेल, तर ते जाळं मजबूत झालेलं नसतं. सगळे एकाच खोलीत एकदम बोलताहेत आणि प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावं लागतंय, एवढाच त्याचा अर्थ. चित्र कितीही देखणं काढलं तरी २३ रेषा २३च राहणार. त्या आठ-नऊवर आणल्या की चित्र आपोआप वाचता येईल, आणि कॅमेराही चालेल.

आता काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत, त्या मला इथं बसून कळणार नाहीत. ओढ्याकडेची झाडं किती उंच, शेततळ्याचा भराव बंगल्याच्या गच्चीवरून थेट दिसतो का, बाग मांडवावर आहे की वाय पद्धतीवर, वर प्लॅस्टिकचं आच्छादन आहे का. त्यामुळे खाली मी आकडे देतो तेव्हा ते अंदाजासाठी आहेत. निर्णय तुमच्या मोजमापावर घ्यायचा.

रात्रीच का अडकतं

हा भाग आधी, कारण याचं उत्तर प्रोटोकॉलमध्ये नाही. रात्री कॅमेरा इन्फ्रारेडवर जातो. अंधारात चित्रात दाणे येतात, ते दाणे प्रत्येक फ्रेमला बदलतात, आणि कॅमेऱ्याच्या कम्प्रेशनला वाटतं की सगळं चित्रच हलतंय. बिटरेट मोकळा सोडलेला असेल तर दिवसा २ मेगाबिट घेणारा कॅमेरा रात्री सहज ४ घेतो. वर लेन्ससमोर दिव्याला येणारे किडे, त्यामुळे हालचालीचं रेकॉर्डिंगही सतत चालू.

आता हिशोब. सहा कॅमेरे, दिवसा मिळून १२ मेगाबिट. मेश एकाच चॅनेलवर असल्यामुळे एक पॅकेट तीन हॉप (एका राउटरवरून दुसऱ्यावर उडी) करून बंगल्यावर पोचतं तेव्हा तेच पॅकेट हवेत तीनदा जातं. म्हणजे १२ चे ३६ झाले. सगळेच कॅमेरे तीन हॉपवर नाहीत, पण वाईट बाजूनं धरू. रात्री २४ चे ७२. आणि उणे ७२ डीबीएम सिग्नलवर (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला) कसाबसा टिकलेला २.४ गिगाहर्ट्झचा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा दुवा प्रत्यक्षात किती वाहतो? माझ्या मोजमापात २५-३० मेगाबिटच्या पुढं क्वचित. दिवसा तुम्ही काठावर आहात, रात्री काठ ओलांडता. त्यात आठनंतर बंगल्यावर आणि खोल्यांवर मोबाइल सुरू होतात.

एकाच चॅनेलवरच्या साखळीचं हे गणित जुनं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं होतं की लांब साखळीत आदर्श परिस्थितीतसुद्धा एका दुव्याच्या क्षमतेचा चौथा हिस्साच शेवटी हाती लागतो. वाय-फायचे नियम धरले तर त्यांच्या सिम्युलेशनमध्ये तो सातवा हिस्सा निघाला. खोक्यावर छापलेला वेग तीन हॉपनंतर शोधू नये.

म्हणून आज, कोणताही खांब न हलवता, एवढं करा: प्रत्येक कॅमेऱ्याला बिटरेटची वरची मर्यादा घाला, एच.२६५ (चित्र जास्त दाबणारं कम्प्रेशन) असेल तर ते चालू करा, रेकॉर्डिंग कॅमेऱ्यातल्या कार्डावर घ्या आणि बंगल्यावर बघायला फक्त सब-स्ट्रीम (कमी दर्जाचं हलकं चित्र) ओढा. एवढ्यानं रात्रीचं रडगाणं बऱ्यापैकी थांबेल. पण मूळ आखणी तशीच राहील, म्हणून पुढचं वाचा.

चित्र काय सांगतं आणि काय लपवतं

बॅटमॅनची चौथी आवृत्ती प्रत्येक शेजाऱ्याला ० ते २५५ असे गुण देते, त्याला टीक्यू म्हणतात. प्रत्येक नोड ठराविक वेळानं, डीफॉल्टला सेकंदाला एक, छोटासा घोषणा-संदेश सोडतो, आणि त्यातले किती पोचले यावर हे गुण ठरतात. यात गोम अशी की हा संदेश लहान असतो आणि ब्रॉडकास्ट म्हणून सगळ्यात संथ वेगानं जातो. २.४ गिगाहर्ट्झवर तो मुळात १ मेगाबिटनं जातो. १ मेगाबिटची आरोळी बागेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू जाते. कॅमेऱ्याचा डेटा मात्र त्या वेगानं पाठवून भागत नाही.

तुम्ही दिलेल्या यादीतच बघा. बंगल्यावरच्या ओरिजिनेटर यादीत (बॅटमॅनला माहीत असलेले नोड आणि त्यांच्या वाटा) विहीर दोनसमोर चांदणी (*, म्हणजे निवडलेली वाट) असलेली ओळ सांगते की पुढचा हॉप हवामान केंद्र, टीक्यू २३०. कागदावर झकास. पण हवामान केंद्राचा राउटर खांबावर दोन मीटरला, म्हणजे वेलींच्या पानांच्या पातळीत बसवलाय, चहूबाजूंनी तारा आणि ओली पानं. मधोमध असल्यामुळे त्याला सगळे ऐकू येतात, सगळ्यांना तो ऐकू येतो, म्हणून बॅटमॅन त्याला मध्यस्थ नेमतो. आणि तुमच्याच आयपर्फच्या (वेग मोजणाऱ्या साधनाच्या) चाचणीत त्या वाटेनं ४ मेगाबिट निघाले. बॅटमॅन खोटं बोलत नाही. तुम्ही विचारलंय ‘आवाज पोचतो का’, आणि तो त्याचंच उत्तर देतोय.

चित्रातला दुसरा गोंधळ साधा आहे. अल्फ्रेडसोबतचं बॅटएडीव्ही-व्हिस हे साधन ग्राफविझ या आकृती काढणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी जी डॉट फाइल देतं तिच्यात दोन प्रकारच्या रेषा असतात. एक नोड ते नोड, तिच्यावर १.१०९ असा आकडा असतो. तो म्हणजे २५५ भागिले टीक्यू, इथं २३०. म्हणजे १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं, आणि आकडा मोठा म्हणजे दुवा वाईट. बरेच जण हे उलटं वाचतात. दुसऱ्या प्रकारच्या रेषेवर नुसतं टीटी लिहिलेलं असतं. ते नोड नाहीत, ते नोडला जोडलेले मोबाइल, कॅमेरे, टीव्ही, जे काय असेल ते. तुम्ही रेषा मोजताना टीटी वगळल्यात, चांगलं केलंत, पण चित्र काढताना त्या तशाच ठेवल्यात. म्हणून कागदावर जाळ्यापेक्षा मोबाइलच जास्त दिसताहेत. ग्राफविझला देण्याआधी टीटीच्या ओळी गाळून टाका, ग्रेप या ओळी गाळणाऱ्या एका आज्ञेचं काम आहे.

तिसरी गोष्ट, अल्फ्रेड मिळालेली माहिती दहा मिनिटं धरून ठेवतो. विहीर एकचा नोड स्टार्टरच्या पेटीतून लाइट घेतो असं तुम्ही लिहिलंय. शेतीच्या फीडरची थ्री-फेज पाळीनं येते-जाते, हे तुम्हाला मी सांगायला नको. लाइट गेली की नोड मेला, पण चित्रात तो दहा मिनिटांपर्यंत जिवंत दिसू शकतो, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी वाटा बदललेल्या असतात. चित्र पाहून तुम्ही जिथं दोष शोधता तिथं तो नसतो.

वाचता येईल असं चित्र

सॉफ्टवेअर बदलायची गरज नाही, चार गोष्टी बदला.

पहिली म्हणजे नावं. मॅक पत्त्यांकडे बघून कुणालाच काही कळत नाही. प्रत्येक राउटरवर बॅट-होस्ट्स नावाची साधी मजकूर फाइल असते, तिच्यात पत्ता आणि नाव लिहा: बंगला, शेततळं, विहीर-दोन. बॅटमॅनची माहिती दाखवणारी आज्ञा बॅटसीटीएल, तीही मग सगळीकडे ती नावं दाखवते. डॉट फाइलमध्ये तीच नावं छोट्या स्क्रिप्टनं बदलून घ्या. एका राउटरला दोन रेडिओ असतील तर त्याचे दोन पत्ते असतात, ते एका चौकटीत ठेवा, नाहीतर आठाचे चौदा नोड दिसतील.

दुसरी म्हणजे जागा. ग्राफविझ मनानं मांडणी करतं तेव्हा चित्रात शेजारी असलेले नोड वावरात शेजारी असतीलच असं नाही. नीटो ही मांडणी वापरा आणि प्रत्येक नोडची जागा खिळवून टाका. ग्राफविझमध्ये नोडच्या निर्देशांकापुढं उद्गारचिन्ह दिलं की तो तिथून हलत नाही. निर्देशांक मोबाइलच्या जीपीएसवरून घेतले तरी चालतील. पाठीमागे सातबाऱ्याच्या नकाशाचं किंवा उपग्रह चित्राचं पान टाकलंत तर आणखी चांगलं. ज्या क्षणी बंगला ते विहीर दोन अशी रेषा दोन्ही तुकडे आणि ओढा ओलांडून गेलेली दिसेल, त्या क्षणी तुम्हीच म्हणाल की ही रेषा खरी असूच शकत नाही.

तिसरी म्हणजे दिशा. जाणारी आणि येणारी अशा दोन बाणांची रेषा काढा, सरासरी काढू नका. एका बाजूला २४० आणि उलट्या बाजूला १६० असेल तर त्या १६० वाल्या कानाजवळ काहीतरी आहे: शेजाऱ्याचं वाय-फाय, पाणी शिरलेला कनेक्टर, वाकलेला अँटेना. सरासरी २०० काढली की हा सुगावा गेला.

चौथी सगळ्यात कामाची. शक्य असलेली रेषा वेगळी आणि वापरात असलेली रेषा वेगळी. ओरिजिनेटर यादीतल्या चांदणीच्या ओळींवरून पुढचा हॉप कळतो, त्या रेषा जाड काळ्या काढा, बाकीच्या फिक्या करड्या. दर मिनिटाला ही यादी फाइलमध्ये साठवा आणि आठवडाभरानं बघा की विहीर दोनचा पुढचा हॉप दिवसातून कितीदा बदलला. दिवसातून दोन-चारदा बदलणं ठीक. दर दोन मिनिटांनी बदलत असेल तर दोन सारख्याच वाईट वाटांमध्ये तो झुलतोय. ही माहिती एका चित्रात कधीच दिसत नाही. म्हणून मी सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा अशी तीन चित्रं शेजारी ठेवतो.

ब्राउझरमध्ये नकाशा हवाच असेल तर जर्मनीतल्या फ्रायफुंक या सामुदायिक वाय-फाय चळवळीतल्या मंडळींचा मेशव्ह्यूअर आहे. बॅटमॅनचा जन्मही त्यांच्यातच झाला. खूप नोड असतील आणि इतिहासही ठेवायचा असेल तर ओपनविस्पचं टोपॉलॉजी मॉड्यूल बघा, त्याला बॅटमॅन, ओएलएसआर, बेबल सगळ्यांचं कळतं. आठ नोडसाठी मला ते जास्त वाटतं. सांभाळायला आणखी एक सर्व्हर होतो, आणि लाइट गेली की तोही जातो.

रेषा कमी कशा करायच्या

आता मुख्य काम. टोपॉलॉजी सॉफ्टवेअरमध्ये कॉन्फिगर होते हा समज सोडा. ती ठरते अँटेना कुठं बघतो, किती उंचीवर आहे आणि कोणत्या चॅनेलवर आहे यावर. सॉफ्टवेअर फक्त उरलेल्यातून निवड करतं.

सुरुवात बंगला ते पॅकहाउसपासून. २५० मीटर. इथं वायरलेस नकोच, सिंगल-मोड फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपुढं चालत नाही आणि वळवाच्या पावसात वीज चमकली की दोन्ही टोकांचे पोर्ट घेऊन जाते. फायबरला ती भीती नाही. ठिबकची मेन लाइन दुरुस्त करायला चारी खणाल तेव्हाच पाइपात घालून टाका. मेशवर उत्तर देताना मी केबल टाका म्हणतोय हे ऐकायला विचित्र वाटेल, पण पॅकहाउसची रहदारी हवेतून गेली की बाकी सगळ्यांना श्वास मिळतो.

मग कणा. तुमच्याकडे सगळ्यात उंच जागा शेततळ्याचा भराव आहे. बंगल्याच्या गच्चीवर एक आणि भरावावरच्या खांबावर एक असे दिशादर्शक अँटेनाचे दोन रेडिओ, ५.८ गिगाहर्ट्झवर, १४९ ते १६५ यातला चॅनेल, २० किंवा ४० मेगाहर्ट्झ. भारतात २०१८ च्या अधिसूचनेनं ५ गिगाहर्ट्झचे हे पट्टे, म्हणजे ५१५० ते ५३५०, ५४७० ते ५७२५ आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ, घराबाहेरसुद्धा परवान्याशिवाय वापरता येतात, फक्त शक्तीच्या मर्यादा पाळायच्या. राउटरमध्ये देश भारत निवडा, दुसरा देश निवडून शक्ती वाढवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. मधले जे चॅनेल रडारसोबत वाटून घ्यायचे असतात ते मेशसाठी टाळा. तिथं रडारसारखं काही ऐकू आलं की रेडिओला चॅनेल सोडावा लागतो, आणि मेशमध्ये एकानं सोडला की बाकीचे त्याला शोधत बसतात.

शेततळ्यावरून दुसरा तसाच जोड विहीर दोनकडे, साधारण ५०० मीटर. एकाच खांबावर ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ येतात, म्हणून एक १४९ च्या वर ठेवा आणि दुसरा ३६ ते ४८ मध्ये. खांबावर दोघांत उंचीचं अंतर ठेवा.

उंची किती? रेडिओ लहरीला नुसती दोरीएवढी वाट पुरत नाही, मध्ये फुगलेली जागा लागते, तिला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. ४०० मीटरच्या दुव्याला ५.८ गिगाहर्ट्झवर ते मधोमध सुमारे २.३ मीटर त्रिज्येचं असतं, २.४ गिगाहर्ट्झवर सुमारे साडेतीन. त्यातलं ६० टक्के मोकळं मिळालं तरी चालतं. म्हणजे ५.८ ला १.४ मीटर आणि २.४ ला २.१ मीटर. मांडव दोन मीटरच्या आसपास, वर शेंडे आणि आच्छादनाची कमान. म्हणजे ५.८ ला पाच मीटरचा खांब पुरतो, २.४ ला सहा करा. दोन मीटरवर राउटर बसवला तर वाट सगळी पानांतून जाते, मग प्रोटोकॉल कोणताही असो. ओढ्याकडची वारा अडवणारी झाडं मात्र वेगळा विषय आहे. त्यांच्या वरून जाता येत नसेल तर खांब उंच करण्यापेक्षा दहा-पंधरा मीटर बाजूला सरकवून फट मिळते का बघा, बहुधा मिळते.

हे दोन्ही दुवे बॅटमॅनच्या बाहेर ठेवायचे की आत? मी आत ठेवतो. दिशादर्शक रेडिओ साधे ब्रिज म्हणून चालवा आणि त्यांचा इथरनेट पोर्ट बॅटमॅनला एक इंटरफेस म्हणून द्या. पॅकहाउसच्या फायबरचंही तसंच. मग बॅटमॅनला कळतं की शेततळ्याकडे जायला पक्की वाट आहे, आणि ती तुटली तरच तो हवेतल्या वाटेकडे वळतो. दोन सावधगिरी. बॅटमॅन प्रत्येक पॅकेटवर आपलं वेष्टण चढवतो, म्हणून त्या इंटरफेसचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) किमान १५३२ ठेवा, उपकरण घेत असेल तर १५६०. नाहीतर पॅकेटचे तुकडे होत राहतील आणि ‘वेबसाइट उघडते पण कॅमेरा नाही’ असे चमत्कार दिसतील. आणि तोच पोर्ट घरच्या लॅनच्या ब्रिजमध्येही चुकून ठेवू नका. बॅटमॅनच्या आत आणि लॅनमध्ये अशा दोन्हीकडून वाट मिळाली की पॅकेट गोल फिरत राहतं आणि मिनिटभरात सगळं ठप्प. असं गोल फिरणं रोखणारी बॅटमॅनची सोय, ब्रिज लूप अव्हॉयडन्स, चालू ठेवा, पण त्याच्या भरवशावर तारा कशाही जोडू नका.

हवामान केंद्राचा राउटर काढून टाका. अगदी काढूनच. पानांचा ओलावा, तापमान, आर्द्रता हे डाउनी रोगाच्या इशाऱ्यासाठी दर दहा-पंधरा मिनिटांनी काही बाइट पाठवतात. त्यासाठी वाय-फाय म्हणजे उगीच खर्च. लोरा (लांब पल्ल्याचा, थोडाच डेटा नेणारा रेडिओ) घ्या, भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ परवान्याशिवाय चालतं, पानांतूनही बरं जातं आणि वेग संथ असला तरी इथं तेवढा पुरतो. लगेच जमत नसेल तर तो राउटर ठेवा पण मेशमधला शेवटचा पाहुणा म्हणून, म्हणजे मेश बंद आणि जवळच्या नोडला साधा क्लायंट. तो मध्यस्थ राहिला नाही की अर्ध्या खोट्या रेषा त्याच दिवशी जातात.

उरलेले विहीर एक, खोल्या आणि फाटक. हे खऱ्या अर्थानं मेशवर राहू द्या. राउटर दोन रेडिओंचे आहेत, तर जिथं थेट दिसतं तिथं मेश ५ गिगाहर्ट्झवर न्या आणि २.४ फक्त मोबाइल-कॅमेऱ्यांना द्या. २.४ वर १, ६, ११ एवढेच चॅनेल आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ, ४० अजिबात नाही.

मग सॉफ्टवेअरमधल्या पाच खिट्ट्या. मेशची ब्रॉडकास्ट गती डीफॉल्टवर सोडू नका, १२ किंवा १८ मेगाबिट करा. ज्याला १८ नं ऐकू येत नाही तो शेजारीच नाही असं होऊन जातं, आणि टीक्यूचे गुणही जरा खऱ्याच्या जवळ येतात. मेशच्या आरएसएसआय (सिग्नलची ताकद) मर्यादेत उणे ७५ च्या आसपास आकडा टाका, त्याखालचे दुवे जुळणारच नाहीत. ८०२.११एस (वाय-फायचं स्वतःचं मेश मानक) वर बॅटमॅन चालवताय, तर मेश फॉरवर्डिंग बंद आहे ना बघा. नाहीतर दोन प्रोटोकॉल एकाच वेळी वाटा ठरवतात आणि बॅटमॅनचं चित्र पुन्हा निरर्थक होतं. आणि एन्क्रिप्शनला एसएई (डब्ल्यूपीए३ मधली पासवर्डची पद्धत), त्यासाठी ओपनडब्ल्यूआरटीत मेशवालं डब्ल्यूपॅड पॅकेज लागतं, मुळात येणारं बेसिक चालत नाही. लांब दुव्यांना अंतराची सेटिंग मीटरमध्ये द्या.

ब्रॉडकास्ट गती बदलताना एक लक्षात ठेवा: लांबच्या नोडपासून सुरुवात करा आणि बंगला शेवटी. उलट केलंत तर मधेच तुटून विहीर दोनपर्यंत लॅपटॉप घेऊन चालत जावं लागेल.

हे सगळं झाल्यावर तुमच्याकडे राहतील बंगला–पॅकहाउस, बंगला–शेततळं, शेततळं–विहीर दोन, शेततळं–विहीर एक, पॅकहाउस–खोल्या आणि बंगला–फाटक. सात नोडला सहा दुवे, म्हणजे नुसतं झाड. त्यात राखीव म्हणून पॅकहाउस–शेततळं आणि विहीर एक–विहीर दोन असे दोन धरा. आठ रेषा. बाकी एखादी आली तर ती का आली ते शोधायचं.

मोजायचं कधी आणि कसं

सिग्नलवर जाऊ नका, दुव्याचा प्रत्यक्ष वेग मोजा. बॅटसीटीएलमध्येच थ्रूपुट मीटर आहे, दोन नोडमध्ये चालवला की आकडा देतो. आयपर्फ असेल तर तेही. एकेक दुवा, दोन्ही दिशांनी, बाकी रहदारी शांत असताना. मग रात्री नऊला सगळं चालू असताना पुन्हा. दोन आकड्यांमधला फरक म्हणजे तुमच्या चॅनेलवरची गर्दी. उणे ६५ किंवा त्याहून चांगला सिग्नल मी पास करतो, उणे ७० ला प्रश्नचिन्ह, उणे ७५ ला दुवा धरतच नाही.

आणि वेळ. द्राक्षपट्ट्यात हे काम करणाऱ्यांची गडबड नेहमी इथं होते. खांब बसवायला मोकळीक मिळते छाटणीच्या सुमाराला, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर किंवा ऑक्टोबर छाटणीनंतर. तेव्हा वेली उघड्या, सगळे दुवे तुपासारखे. डिसेंबरात पानांचा पसारा भरला, पहाटेचं दव पडलं, की तेच दुवे दहा डेसिबलनं खाली येतात आणि मग लोक राउटर बदलतात. पाऊस ५ गिगाहर्ट्झला अर्ध्या किलोमीटरवर फारसा अडवत नाही. ओलं पान अडवतं. त्यामुळे छाटणीनंतर मोजलंत तर दहा-बारा डेसिबलची शिल्लक दिसलीच पाहिजे. आणि खरी कसोटी भरल्या बागेत पहाटे सहाला.

विहीर एकच्या लाइटचं बघा. स्टार्टरच्या पेटीवर नेटवर्क ठेवू नये. ५ वॉटचा राउटर दिवसाला १२० वॉट-तास खातो. दोन ढगाळ दिवस काढायचे तर २४०, आणि लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरायची म्हणून ४८०, म्हणजे १२ व्होल्टची ४० अँपिअर-तासाची बॅटरी. पॅनेल पावसाळ्याचा विचार करून हात सैल सोडून घ्या. शेततळ्यावर दोन दिशादर्शक रेडिओ आणि एक राउटर येणार, तिथला हिशोब तिप्पट धरा. कणाच तिथून जातो, म्हणून कंजूषी करायचीच तर दुसरीकडे करा. खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज प्रोटेक्टर हे न सांगताही करालच.

राहिला ओएलएसआरचा प्रश्न. तो चांगला प्रोटोकॉल आहे, २००३ पासून लिहून ठेवलेला, आणि त्याचं ईटीएक्स हे मापही बॅटमॅनच्या टीक्यूसारखंच पोचलेल्या-हरवलेल्या छोट्या संदेशांवर चालतं. म्हणजे पानातला तो राउटर ओएलएसआरलाही आवडला असता. बदलायचंच असेल तर बॅटमॅनची पाचवी आवृत्ती बघा, ती गुणांऐवजी रेडिओकडून अपेक्षित वेग विचारते. पण सगळ्या नोडवर एकदमच बदलावी लागते, चौथी आणि पाचवी एकमेकींना ओळखत नाहीत, आणि काही राउटरचे ड्रायव्हर वेगाचा अंदाज नीट देत नाहीत. आधी खांब आणि चॅनेल हलवा, रात्री दहाचं चित्र पुन्हा काढा. त्यानंतरही विहीर दोनचा पुढचा हॉप झुलत असेल तर डॉट फाइल, चांदणीच्या ओळी आणि दुव्यागणिक वेगाचे आकडे टाका. कुठला दुवा तोडायचा ते बघू.